धुतलेलं बियाणं

फडक्यात बांधलेल्या वालांना मोड आलेले पाहिले तेव्हा मी खूश झाले होते. चहात मीठ घालणारी, भर दुपारी दिवे लावणारी माझी आई वाल भिजवायला विसरली नाही, म्हणजे अजून सगळं हातचं गेलेलं नाही, असं मनाशी म्हणत मी धाटावला शिफ्टला गेले. तिथे एका रसायनांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत मी मालाचे नमुने तपासते. माणसं तपासायला मला कुठे येतं!

दुपारी रोह्याला घरी आले तर ताट वाढलेलं, त्या वालांच्या बिरड्याचा वास सुटलेला. हात धुवायला मोरीत गेले आणि कचऱ्याच्या डब्यात बियाण्याची रिकामी पिशवी दिसली. भातकापणी उरकल्यावर वाल पेरायचे म्हणून गावाकडच्या भावाने ती बाजारातून घेतली होती आणि माझ्याकडे ठेवून तो पुढच्या कामाला गेला होता. पिशवीवर ठसठशीत लिहिलं होतं: विषारी औषध लावलेले, खाण्यासाठी नाही.

"आई, तू खाल्लंस?"

"नाय गो. तुझीच वाट बघत व्हते."

मी भांडं उचलून सगळं बिरडं मोरीत ओतलं. ओतताना काय काय बोलले, ते लिहायला नको. आईला माझ्या रागाचं कारणच कळेना.

"अगो, राखच तं व्हती. चार पाण्यांनी धुतली मी."

तिचंही खोटं नव्हतं. पेण तालुक्यातल्या आमच्या गावात ती वर्षानुवर्षं बियाण्याच्या वालांना चुलीतली राख चोळून ठेवत आली. पेरून उरले की धुवायचे, भिजवायचे, खायचे. ते तिला पक्कं आठवत होतं. राखेच्या जागी औषध आलं, तेही तिने स्वतःच्या हाताने कित्येकदा लावलं, हे मात्र साफ पुसलं गेलं होतं.

हे कळल्यावर भाऊ आला तो स्वयंपाकघरासाठी कुलूप घेऊनच. मी त्याला थांबवलं आणि आईला पेणच्या डॉक्टरांकडे नेलं. तिला स्वयंपाक करू द्या, एवढंच मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. तेवढंही काढून घेतलं तर तिच्याकडे उरणार काय?

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मेंदूला प्राणवायू फार लागतो. तो वापरताना पेशींना इजा करणारे कण तयार होतात. ते निस्तरणारी द्रव्यं पेशीच बनवते, पण कधी आणि किती, ते जनुकांना मिळणाऱ्या हुकमावर ठरतं. अल्झायमरमध्ये, म्हणजे आईच्या आजारात, हे हुकूमच बिघडतात. हवी ती जनुकं गप्प बसतात, नको ती जागी होतात, आणि इजा वाढत जाते. आधी काय बिघडतं, ते अजून नीट उलगडलेलं नाही.

प्राणवायूने होणारी अशी इजा, म्हणजे ऑक्सिडेशन, माझ्या रोजच्या कामातलं. टाकीतल्या मालाला हवा लागू नये म्हणून आमच्याकडे वरून नायट्रोजन सोडला की झालं. आईच्या डोक्यात काय सोडू?

"गोळ्यांनी परत येईल?" मी विचारलं.

"गेलेलं नाही येणार. त्रास थोडा कमी होईल, कदाचित."

"आणि स्वयंपाक?"

"एकटीने नको."

एवढं शास्त्र ऐकून शेवटी कुलूपच. मला डॉक्टरांचा राग आला, भावाचा आला, न दिसणाऱ्या त्या कणांचा तर फारच आला. कुलूप मीच लावलं. शिफ्टला जाताना डबा भरून ठेवायचा आणि शेजारणीला लक्ष ठेवायला सांगायचं, असं सुरू झालं. आई दिवसभर नुसती बसून असायची. हात मांडीवर, बोटं एकमेकांत चोळत. मला ते बघवत नसे.

परवा परतले तर ती पदर खोचून कुलूप लावलेल्या दारापाशी उभी होती. मला बघून अदबीने म्हणाली, "बाई, तुमच्या घरचं येवढं दार उघडा ना. माझी पोर कामावरनं उपाशी येल."

कुलूप काढून मी म्हटलं, "चला, दोघी मिळून करू. काय आवडतं तुमच्या पोरीला?"

"तिला? काय पन घाला, खाते. चिडकी हाय जरा, पन उपाशी नाय ठेवायची."