कुमुदअक्कांची एक चूक

गेल्या महिन्यात एका गुरुवारी मी पोळ्या लाटत होते, तेव्हा शारदम्मांचा फोन आला. बंगळूरमधल्या बसवनगुडीच्या दवाखान्यात तीस वर्षं पेशंटांचे नंबर लावणाऱ्या या बाई, एरवी फोनवरही खेकसणाऱ्या. त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "अक्का होगबिट्रु…" आणि रडायला लागल्या. आमच्या डॉक्टर कुमुदअक्का गेल्या. मी तवा उतरवला आणि ओट्याला टेकून तशीच उभी राहिले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं, म्हणून मी हे लिहीत नाहीये. या बाईवर मी पुरता एक महिना धुमसत होते, तेही सांगणार आहे.

माझ्या डाव्या गालावर, कानाजवळ, पाच-सहा वर्षं एक तांबूस चट्टा होता. दुखत नव्हता, खाजतही नव्हता. बनशंकरीतल्या मेडिकलवाल्यापासून शेजारच्या मामींपर्यंत सगळ्यांनी ते गजकर्ण ठरवलं आणि मी मलमांच्या ट्यूबा पिळत राहिले. चट्टा एका बाजूनं पांढुरका होऊन आक्रसायचा, मला वाटायचं बरा होतोय. तोवर स्वारी दुसऱ्या बाजूनं पुढं सरकलेली. कानाची पाळी ओढली जायला लागली तशी माझी पाचावर धारण बसली. त्यातच एचएसआर लेआउटला राहणाऱ्या माझ्या लेकीला मुलगी झाली. बारशाला बाळ माझ्या मांडीवर द्यायला आणलं आणि मी हात मागं घेतले. माझ्यामुळं तिला काही झालं तर? लेकीला वाटलं, मुलगी झाली म्हणून आई नाराज आहे. तिनं माझ्याशी बोलणंच टाकलं, आणि खरं कारण सांगायचं धाडस मला झालं नाही.

तेव्हा कुठं मी कुमुदअक्कांची पायरी चढले. निपाणीकडच्या, सत्तरी ओलांडलेल्या, मराठीत सुरू केलेलं वाक्य कन्नडमध्ये संपवणाऱ्या. मी आपली छान पावडर-बिवडर थापून गेलेले. चार माणसांत तसला गाल घेऊन कोण बसणार? त्यांनी आधी बेसिनवर तोंड धुवायला लावलं. मग ट्यूबलाइट बंद केली, खिडकीपाशी बसवलं आणि काचेची एक पट्टी चट्ट्यावर दाबून कितीतरी वेळ पाहत राहिल्या. लाली दबली की खाली सफरचंदाच्या मुरंब्याच्या रंगाचे बारीक ठिपके उरतात, ते त्यांनी बरोबर आलेल्या माझ्या नवऱ्यालाही वाकून पाहायला लावले. गजकर्ण असतं तर इतकी वर्षं खाजवून खाजवून जीव नकोसा केला असता, म्हणाल्या. हा कातडीचा टीबी असावा, पण नुसत्या माझ्या डोळ्यांवर जायचं नाही, तुकडा काढून तपासू.

टीबी? अहो, मला खोकला नाही, ताप नाही… आणि तपासणीत जंतू सापडलेच नाहीत, तेव्हा तर मी मनातल्या मनात देवाला नारळ फोडला. अक्कांनी शांतपणे समजावलं. कातडीत हे जंतू इतके थोडे असतात की दरवेळी दिसतीलच असं नाही, पण तुकड्यातल्या बारीक गाठी त्याच दुखण्याच्या होत्या. हातावर टोचून पाहिलेली जागा टरारून फुगली होती. छातीचा फोटो मात्र स्वच्छ. सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडून त्या म्हणाल्या, "या चट्ट्यातून बाळाला काही होत नाही. आज संध्याकाळीच नातीला मांडीवर घ्या."

मी डोळे पुसत उठले, तर म्हणाल्या, "स्वल्प बसा." माझ्या जुन्या कागदांतून त्यांनी एक चिठ्ठी बाजूला काढून ठेवली होती. "चार वर्षांपूर्वी मंडळाच्या गणपतीत तपासणीचं शिबिर होतं. तुम्ही नथ, पावडर, सगळं लेवून आला होता. मांडवातल्या रंगीत दिव्यांत मी पाहिलं आणि गजकर्णाचं मलम लिहून दिलं. हे अक्षर माझं आहे. चूक माझी…"

मला तर ते शिबिर आठवतही नव्हतं. चार वर्षं! अंगाचा तिळपापड झाला. त्याच संध्याकाळी लेकीला खरं कारण सांगून नातीला मांडीवर घेतलं, पण अक्कांवरचा राग काही गेला नाही. सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या तरी पहिला महिनाभर मी दवाखान्यात त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते. मग हळूहळू चट्टा मऊ पडला, बसला, कान वाचला आणि माझ्या टाळक्यात उजेड पडला. ती चिठ्ठी गुपचूप कचऱ्यात टाकली असती तर कोणाला कळणार होतं? एवढ्या नावाजलेल्या बाई, माझ्यासारखीसमोर आपली चूक उलगडून ठेवतात… मला आजही त्याचं नवल वाटतं. एवढं मोठं मन मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही.

चट्टा गेला, पण गालावर व्रण राहिला. वेळेवर ओळखलं असतं तर तो राहिला नसता, हेही त्यांनीच सांगितलं होतं. परवा लेक म्हणाली, "आई, आता लेझरनं तो पुसट करतात, चल जाऊन येऊ." मी नको म्हटलं. नात आता चार वर्षांची झालीय. दुपारी झोप आली की माझ्या मांडीवर चढते आणि बरोबर त्या व्रणाला आपला गाल टेकवून झोपते.