थ्री-नॉट-थ्रीवरची दुर्बीण

बापू गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिडीवर होतो. ब्रिस्टलच्या आमच्या घराच्या पन्हाळीत पानं साचली होती आणि एवढ्याशा कामाला माणूस बोलवायचा नाही, हा माझा जुना हट्ट. बायको खाली येऊन उभी राहिली. म्हणाली, "आधी उतरा, मग सांगते." मी म्हटलं, "आहे तिथूनच ऐकू येतंय, बोल." "उतरा म्हणते ना..." ती इतक्या हळू बोलली की मी उतरलो. फोनवर लीड्सहून सुमतीवहिनी होत्या. "भावोजी, हे गेले हो. सकाळी चहाला हाक मारली तर..." पुढे त्यांना बोलवेना. त्याला आता दीडेक महिना झाला. पन्हाळ अजून अर्धीच साफ आहे.

बापू आणि मी साताऱ्याचे, एका बाकावरचे. तो डॉक्टर होऊन लीड्सच्या हॉस्पिटलात भूल द्यायला लागला आणि मी ब्रिस्टलला विमानाच्या कारखान्यात डिझाइनला चिकटलो. पंखाच्या आत जे छोटे छोटे धातूचे कंस असतात, ते मी काढायचो. बापू माझी ओळख करून देताना न चुकता सांगायचा, "हा सुध्या. कुठलं विमान याने केलंय ते मी आधी विचारतो, मगच तिकीट काढतो." मी म्हणायचो, "आणि हा बापू. याच्यापुढे माणसं झोपतात, ती औषधाने की याच्या बोलण्याने, याचा अजून शोध लागायचाय." ऐंशीच्या दशकात आमचं वर्षातून दोनतीनदा तरी जाणं-येणं असे. चार तासांचा मोटरवे, गाडीच्या डिकीत ब्रिस्टलची वांगी नाहीतर माझं एखादं नवं संशोधन. वांगी वहिनी ठेवून घ्यायच्या, संशोधन बहुधा परत यायचं.

बापूचे वडील पलटणीत होते. त्यांच्या हातातली थ्री-नॉट-थ्री रायफल त्याने लहानपणी लांबूनच पाहिलेली, हात लावायची परवानगी नव्हती. लीड्सला आल्यावर तो एका रायफल क्लबात जायला लागला आणि रीतसर पोलीस सर्टिफिकेट काढून, भिंतीला लोखंडी कपाट ठोकून, लष्कराने मोडीत काढलेली तसलीच एक रायफल त्याने घेतली. दस्त्यावर कुणा अनोळखी शिपायाने कोरलेल्या रेघा, लाकडाला जवसाच्या तेलाचा वास. वहिनी म्हणायच्या, "सवत आणलीय, आणि तीही म्हातारी." हॉस्पिटलात बापू 'आमचे इंडियन डॉक्टर' होता, मराठी मंडळात 'डॉक्टरसाहेब' होता. क्लबात पोटावर आडवा पडला की तो कुणीच नसायचा. एकदा मला म्हणाला, "सुध्या, आठवडाभर मी दुसऱ्यांचे श्वास मोजतो. इथे माझा एकट्याचा मोजतो." तो असं काही बोलला की लगेच खोकायचा, म्हणजे आपण ते मनावर घेऊ नये.

पन्नाशी उलटली आणि त्याचा नेम बिघडायला लागला. मागची खाच, नळीच्या टोकाची खूण आणि शंभर यार्डांवरचा कागद, तिन्ही एका रेषेत दिसावे लागतात. चष्मा लावला की एक जायचं, काढला की दुसरं. गोळ्या कागदाबाहेर जायला लागल्या. क्लबचा सेक्रेटरी रॉन, निवृत्त पोस्टमन, भला माणूस, पण नियमाला पक्का. त्याने बापूला बाजूला घेऊन सांगितलं, "डॉक, सर्टिफिकेट रिन्यू करायला माझी सही लागते. ज्याची गोळी कुठे जाते ते त्यालाच माहीत नाही, त्याला मी सही कशी देऊ? हिवाळ्याआधी एकदा बघू." सही नाही म्हणजे सर्टिफिकेट नाही, आणि सर्टिफिकेट नाही म्हणजे रायफल गेली. बापूने हे मला फोनवर सांगितलं, आणि नंतर बराच वेळ हवापाण्याबद्दल बोलत राहिला.

आता मित्र इंजिनियर असल्यावर काय होणार? मी म्हटलं, "दुर्बीण बसवू. दुर्बिणीत सगळं एकाच पातळीवर येतं, डोळ्याला तीन ठिकाणी पळावं लागत नाही." बापूची अट एकच. "भोक पाडायचं नाही. हिच्या अंगाला ड्रिल लागलं, तर मी तुझ्या अंगाला लावीन." म्हणून मी रायफलीच्या मूळच्याच स्क्रूंवर बसेल असा एक कंस केला, जेवणाच्या सुट्टीत, हजारांश इंचाच्या हिशेबाने. क्लबात पाहुण्यांना येऊ देतात त्या दिवशी लीड्सला जाऊन पहिली गोळी मीच झाडली, कारण कर्ता मी होतो. दुर्बीण डोळ्यापासून किती लांब हवी, हे गणित मी केलं होतं. रायफल मागे किती येते, हे रायफलीने केलं. भुवईवर अर्धचंद्र उमटला आणि रक्त नाकावरून ओघळलं. बापू शांतपणे म्हणाला, "वा, चंद्रकोर! आता नथ घातलीस की झालं." घरी नेऊन त्या भूल देणाऱ्या डॉक्टराने मला भूल न देता दोन टाके घातले. "एवढ्याला कशाला वाया घालवायची," म्हणाला. शिवाय गोळ्यांची पट्टी वरून भरायची जी सोय होती, ती माझ्या दुर्बिणीने बंदच करून टाकली होती, एकेक गोळी बोटाने सरकवावी लागे. त्यावर बापूची तक्रार नव्हती. दुर्बीण पुढे सरकवली, नेम जुळवला, आणि गोळ्या कागदावर यायला लागल्या.

रॉनने बघायचं ठरवलं तो रविवार नेमका खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी आला. वहिनींच्या घरी खंडेनवमीला सगळ्याची पूजा होई. विळी, शिवणयंत्र, बापूचा स्टेथोस्कोप, त्यांच्या मुलीची, अंजूची, कंपासपेटी. त्या वर्षी म्हातारी सवतही पाटावर निजली. हळदकुंकवाचं बोट काचेवर लागेल म्हणून मी हुशारी केली. कंसाला पेन्सिलीने खुणा केल्या आणि दुर्बीण कंसासकट उतरवून बाजूला ठेवली. वहिनींनी रायफलीला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडू ठेवला आणि मूठ भरून अक्षता टाकल्या. आरती संपते तोच आतून श्रीखंडपुरीचं बोलावणं आलं. मी भराभर फडकं फिरवलं, खुणांवर खुणा जुळवल्या, स्क्रू आवळले आणि पानावर बसलो. इतकं चोख काम केल्याच्या आनंदात दोन पुऱ्या जास्तच खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी बापू चटईवर आडवा झाला. रॉन शेजारी लांबचं बघायची दुर्बीण लावून बसला. पहिली गोळी. दुसरी, तिसरी. "कागदावर काही नाही, डॉक." मी लगेच कारणं द्यायला सुरुवात केली: यॉर्कशरची दमट हवा, फुगलेलं लाकूड, झिजलेली नळी, वारा. वारा तर अजिबात नव्हता. बापूने आणखी काही गोळ्या झाडल्या आणि मग बोल्ट मागे ओढून रायफल खाली ठेवली. उठला नाही, तसाच पडून राहिला. "राहू दे रे, सुध्या," म्हणाला, "दुर्बीण काय करील? डोळाच गेलाय." आणि रॉनकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "तू बरोबर होतास. मी ती विकायला देतो."

बापूला इतकी वर्षं ओळखत होतो, पण हा आवाज मी ऐकला नव्हता. काहीतरी करायचं म्हणून मी माझा कंस काढायला बसलो. स्क्रू सुटले, दुर्बीण हातात आली, आणि खालून चटईवर काहीतरी पडलं. चपटं, तांबूस. रॉनने वाकून ते तळहातावर घेतलं. "हा तांदूळ आहे?"

मी म्हटलं, "हो. म्हणजे... काल पूजा होती. आशीर्वादाचा आहे."

रॉनने एकदा दाण्याकडे पाहिलं, एकदा लांबच्या कागदाकडे. "मग आशीर्वाद डावीकडे जरा जास्त झाला," म्हणाला.

हजारांश इंच मोजणाऱ्या माणसाने कंसाखाली अख्खी अक्षत आवळली होती! बापू हसला नाही. त्याने हात पुढे करून तो दाणा मागून घेतला, डोळ्याजवळ नेला, आणि मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. तो हसत होता, आणि मला सातारी शिव्या देत होता, इतक्या जुन्या की त्यातल्या दोन मी शाळेनंतर ऐकल्याच नव्हत्या. रॉनने मला भरपूर वेळ दिला. मी सगळं पुसून, फुंकून, दोनदा तपासून बसवलं. नेम थोडा जुळवून घ्यावा लागला, पण मग एकेक गोळी कागदावर यायला लागली, काळ्या वर्तुळात, एकमेकींच्या जवळ. शेवटची झाडून बापू पालथाच पडून राहिला आणि मातीला सांगावं तसं म्हणाला, "आहे... अजून आहे."

रॉनने सही दिली. पुढची दहाएक वर्षं बापू त्या डोळ्यावर क्लबात जात राहिला. दर खंडेनवमीला रायफलीवर फक्त झेंडू पडायचा, अक्षता सगळ्या माझ्या डोक्यावर.

मध्यंतरी मी लीड्सला गेलो होतो. सर्टिफिकेट बापूच्या एकट्याच्या नावावर, त्याच्यामागे रायफल घरात ठेवता येत नाही, म्हणून रॉन ती क्लबात घेऊन गेला होता, तिथे कुणी नवा सभासद ती वापरील. दुर्बिणीला सर्टिफिकेट लागत नाही. अंजू आता नोकरी करते, तिने ती कंसासकट माझ्या हातात दिली. "काका, ही तुमची आहे. बाबा म्हणाला होता, इट गोज टू सुध्या." तिने मला पहिल्यांदाच सुध्या म्हटलं, आणि दोघांनाही ते बरं वाटलं.

घरी येऊन मी ती खिडकीत धरली, समोरच्या घराच्या धुराड्यावर. सगळं धूसर. वाटलं, काचेला बुरशी आली. पुसून पाहिली, तरी तसंच. मग लक्षात आलं. डोळ्याकडच्या बाजूला एक कडं असतं, ज्याच्या त्याच्या नजरेप्रमाणे फिरवून लावायचं. ते बापूने चष्म्याशिवायच्या आपल्या उजव्या डोळ्याला लावून ठेवलं होतं. पाव वेढा दिला तर मला विटान् वीट दिसेल. आजवर हाती आलेल्या प्रत्येक वस्तूला मी काही ना काही सुधारणा केलेली आहे. हिला करत नाही. कधी कधी खिडकीशी उभा राहतो, ती डोळ्याला लावतो, आणि मला काहीच नीट दिसत नाही. बापूला इथून स्वच्छ दिसलं असतं.