झाकणावरची अर्धी भाकरी

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. म्हात्र्यांनी माझ्यासाठी भाकरी मोडून ठेवलेली असताना मी त्यांच्यासमोरून माझा डबा घेऊन पुढे गेलो.

म्हात्रे ठाण्याजवळच्या दिव्याच्या खाडीकडच्या गावचे. वागळे इस्टेटमधल्या औषध कंपनीत आम्ही दोघं केमिस्ट. ते मला सीनियर. डबा उघडला की तांदळाची भाकरी मधोमध मोडायची आणि अर्धी झाकणावर ठेवून माझ्याकडे सरकवायची, ही त्यांची रीत. "घे रं. घरची हाय, टेस्ट रिपोर्ट नको मागू."

शब्दांचं त्यांना भारी वेड. एकदा जेवताना 'कंपनी' घेऊन बसले. इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचांकडून उचलला आणि त्याच्या पोटात लॅटिनमधली भाकरी आहे, असं सांगत होते. "एका भाकरीला बसणारे, ती कंपनी. मंग सैन्याची तुकडी आली, धंद्यातले भागीदार आले, आपल्याकडं नाटक कंपनी आली. गेट न् पंचिंग मशीन लय मागनं."

"म्हणजे आपली खरी कंपनी कॅन्टीनमध्ये?"

"मंग काय! वरती नुसतं ऑफिस हाय."

पुढे सिरपची एक बॅच चाचणीत नापास झाली. तिला पास म्हणून सही द्यायला म्हात्र्यांनी नकार दिला. बॅच फेकावी लागली. त्यांच्याशी बोलू नका, असं कोणी सांगितलं नाही. त्यांच्या टेबलावरची माणसं मात्र कमी होत गेली. शेवटी मी एकटा उरलो, आणि माझं प्रमोशन तोंडावर होतं. एका दुपारी पलीकडून मॅनेजरनी हाक मारली, "अहो, इकडे या की!" झाकणावर माझी अर्धी आलेली होती.

"जा रं, साहेब बोलवतोय," म्हात्रेच म्हणाले.

गेलो, तो परत त्या टेबलावर बसलो नाही. घोडबंदर रोडचा फ्लॅट त्याच प्रमोशनवर झाला.

गेल्या महिन्यात म्हात्रे वारले. भेटायला गेलो, तर वहिनींनी लगेच ओळखलं. "तुमच्यासाठी भाकर मोठी थापायची मी, ते रिटायर होईस्तवर. रोज विचारायची, आवडली का त्यांना? म्हणायचे, तुकडा ठेवला नाय."

"आवडायची," मी म्हणालो.

त्या दुपारनंतर ती भाकरी मी खात नव्हतो, हे वहिनींना सांगणं माझ्याकडून अजून राहिलं आहे.