सात वर्षांच्या सम्राटासाठी रडणारा माणूस

"शिरीष गेला," ताईने फोनवर सांगितलं, तेव्हा मी टोकियोत, एदोगावा भागातल्या आमच्या स्टेशनबाहेर सायकल लावत होते. ती रडत नव्हती. मलाही रडू आलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं अशी आपल्याकडे रीत आहे. महिना उलटून गेला, मी चांगलं आठवायचा प्रयत्न करते आहे...

ताईचे यजमान, शिरीषभावोजी, जपानच्या उत्तरेकडच्या सेंदाई शहरात, विद्यापीठात मध्ययुगीन इतिहास शिकवायचे. सगळी हयात त्यांनी एका मुलावर घालवली. बायझंटाइन साम्राज्य दोन-चार शहरांपुरतं उरलं होतं, तेव्हा बापाने आपल्या चिमुरड्या पोराला शेजारी बसवून सहसम्राट केलं. सातेक वर्षांचा होऊन ते पोर बापाआधीच गेलं. भावोजींचं व्याख्यान मी एकदा ऐकलं आहे. "तुला मुकुट हवाय का, असं त्याला कुणी विचारलं असेल का?" हे म्हणताना त्यांचा आवाज फाटला होता. समोरचे विद्यार्थी डोळे पुसत होते, मीही पुसले. एवढं श्रेय त्यांना देते.

त्यांची मुलगी इरा तेव्हा दुसरीत होती. जपानी शाळेत जाणारी, मराठीत अडखळणारी. दिवाळीच्या फराळाला सेंदाईतली मराठी कुटुंबं घरी जमली होती. भावोजींनी इराला परकर-पोलकं नेसवून आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि पाठ केलेलं मराठी स्तोत्र म्हणायला लावलं. ताई हळूच म्हणाली, "अहो, अंग तापलंय तिचं." "दोन मिनिटं. लोक थांबलेत," ते म्हणाले. इरा चुकली. "पुन्हा. पहिल्यापासून." पुन्हा चुकली. तिसऱ्यांदा ती जपानीत पुटपुटली, "मो इया..." आता नको. भावोजी पाहुण्यांकडे वळून हसले, "आमच्या घरात एक परदेशी पाहुणी राहते!" लोकही हसले, आणि पोर खुर्चीतून घसरून खाली पडली. मी उचललं तेव्हा हाताला चटका बसावा इतकी तापली होती.

पाहुणे गेल्यावर ताईने विचारलं, "त्या मुलासाठी तुमचे डोळे भरून येतात. हिच्यासाठी?"

"त्याची आणि हिची काय बरोबरी?" भावोजी खरोखरच चकित झाले होते.

इराचा ताप उतरल्यावर मायलेकी माझ्याबरोबर टोकियोला आल्या, त्या कायमच्याच. इतक्या वर्षांत भावोजी एकदाही आले नाहीत. इराच्या वाढदिवसाला मात्र पाकीट यायचं. त्यात त्यांचा नवा छापून आलेला लेख असायचा, दुसरं काही नाही.

सेंदाईच्या स्मशानगृहात इथल्या रीतीप्रमाणे आम्ही चॉपस्टिक्सने अस्थी उचलल्या. इराचा हात स्थिर होता, ती आता टोकियोत बँकेत काम करते. एक जुना विद्यार्थी हुंदके देत ताईला म्हणाला, "सेन्सेईंचं लहान मुलांवर फार प्रेम होतं." ताईने मान लववली, खिडकीकडे तोंड फिरवलं.

परतीच्या शिन्कान्सेन बुलेट ट्रेनमध्ये इरा माझ्या शेजारी बसली होती. आमच्याशीही ती सहसा जपानीतच बोलते. मग अचानक मराठीत म्हणाली, "मावशी, बाबांची हाडं किती हलकी होती..." आणि लगेच पाठ ताठ झाली, दोन्ही हात मांडीवर जुळले. कितीही लहान मराठी वाक्य असो, त्यानंतर ती अजून अशीच बसते. माझ्याकडे न बघता तिने विचारलं,

"बरोबर बोलले ना?"