आखणी चालू असताना पाहिलेला सामना

जोह्यात काकीच्या गणपती कारखान्यात एक नियम फार कडक आहे. ती मूर्तीचे डोळे आखत असताना कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही. मी पेणच्या कॉलेजात फुटबॉल संघाची गोलकीपर, आणि सीझनला काकीकडे मूर्ती घासायला. युरोपातल्या बायकांच्या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना नेमका आखणीच्या वेळेला आला. मी आवाज बंद केला आणि मोबाईल रंगाच्या डब्याला टेकवून ठेवला. काकी समोर बसलेली. तिला मोबाईलची फक्त पाठ दिसत होती.

सामना बरोबरीत राहिला आणि पेनल्टी सुरू झाल्या. मी ज्यांच्या बाजूने होते, त्या गतविजेत्यांची पहिलीच वाया गेली. पेनल्टीला गोलात उभं राहणं काय असतं ते मला ठाऊक आहे. ओरडले तर काकीची रेघ बिघडेल, या धाकाने मी ओढणी तोंडात कोंबली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माझ्या संघाची शेवटची पेनल्टी आत गेली, कप त्यांच्याकडेच राहिला, तरी मी ओढणी सोडली नाही.

मग वर बघितलं. मूर्तीचा एकच डोळा झाला होता. काकीचा ब्रश हवेतच होता. ती कधीपासून माझ्या तोंडाकडे बघत होती कोण जाणे. स्वतःचाच नियम मोडून ती हळूच म्हणाली, "फोनवर काय आलंय? कोण वारलं गो?"