बोलणारी बटणं

तारोडी गावची निशिगंधा जन्मापासून आंधळी. भाईंदरच्या एका खासगी रुग्णालयात चौदा वर्षं ती टेलिफोन ऑपरेटर होती. सगळ्या विभागांचे एक्स्टेंशन नंबर तिला तोंडपाठ. नुसत्या श्वासावरून तिला कळायचं, हा फोन अपॉइंटमेंटसाठी आहे की घरात कुणी कोसळलंय.

गेल्या जूनमध्ये जुनं एक्स्चेंज काढलं. फोन आता इंटरनेटवरून, कॉम्प्युटरवर येऊ लागले. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिच्याकडे होतं. पण नव्या प्रोग्रॅमची बटणं म्हणजे नुसती चित्रं. कानात एकच शब्द पडत राहायचा, "बटण, बटण, बटण." पहिल्याच दिवशी एका रडणाऱ्या मुलीचा फोन तिच्या हातून कँटीनला लागला. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

मॅनेजर परेशभाई म्हणाले, "एक महिना देतो. तुला चालेल असं काय मिळतंय का बघ."

शोधता शोधता तिला फोन घेण्याची ओपन सोर्स सॉफ्टवेअर सापडली. कुणीही फुकट घ्यावीत, आतून उघडून हवी तशी बदलावीत. कामावरून आली की ती ओटीवर लॅपटॉप घेऊन बसायची. एक सुरूच होईना. दुसऱ्यात आवाज फाटायचा. तिसरं बनवणाऱ्यांनीच अर्धवट सोडून दिलेलं. चौथं बरं होतं, पण तिथेही बटणं मुकीच. ते बनवणाऱ्याला तिने चाचरत मेल लिहिला. कोण कुठला माणूस, पण आठ दिवसांत त्याने एकेका बटणाला नाव दिलं.

"कॉल घ्या. होल्ड. ट्रान्सफर." निशिगंधाने तीनदा ऐकलं. धाकटी बहीण हेमांगी बंदरावर बोंबील वाळत घालत होती. तिच्या मोबाईलवर फोन लावला. वारासुद्धा स्वच्छ ऐकू आला.

आई चंद्रावती दारातून म्हणाली, "आता नोकरी ऱ्हाईल ना गो?"

"राहील."

दुसऱ्या दिवशी परेशभाईंनी पाच मिनिटं सगळं पाहिलं.

"मस्त केलंयस गं. पण वरून डिसिजन झालाय. आता मशीनच फोन उचलणार. एक दाबा, दोन दाबा, तसं." मग ते म्हणाले, "आवाज मात्र तुझाच घेऊ. पेशंट लोकांना सवय आहे."

तिला नाही म्हणता आलं नाही. दुपारी एका बंद खोलीत तिने बारा वाक्यं बोलून दिली. महिनाअखेरीस तिची नोकरी गेली.

नंतर तिने बऱ्याच ठिकाणी विचारलं. ऑपरेटर कुणालाच नको होता. ती भिंतीला टेकून बसून राहायची, आईने हाक मारली तरी ओ द्यायची नाही.

एकदा तिने घरून रुग्णालयात फोन लावला. तिच्याच आवाजाने नमस्कार केला, विभागांचे नंबर सांगितले. कुठला दाबावा, तिला कळेना. आवाजाने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ती ऐकत राहिली. मग फोन आपोआप कट झाला.