काचेवरचा अनोळखी ठिपका

बुलढाण्याच्या आमच्या कॉलेजात माझ्या शेजारच्या प्रयोगशाळेतले सर अमिबाच्या आवरणातली चरबी तपासतात. बाहेरचं तेल मिसळू नये म्हणून कामाच्या दिवशी ते केसांना तेल लावत नाहीत, कचोरीकडे बघतही नाहीत. विचारात पडले की मात्र नाक चोळतात.

चरबी लावलेली काचपट्टी द्रावणात उभी केली की प्रत्येक चरबीचा ठिपका आपापल्या उंचीवर उमटतो. परवा पट्टीवर एक अनोळखी ठिपका उमटला. नवीनच चरबी! आनंदात आम्ही कचोऱ्या मागवल्या. सर मात्र नाक चोळत राहिले. मग त्यांनी तेच बोट कोऱ्या पट्टीवर टेकवलं आणि तीही द्रावणात उभी केली. हुबेहूब तोच ठिपका!

"अमिबाचं काही नाही बे, हे माह्यं नाक हाय!"

मी कचोऱ्यांचा पुडा परत बांधायला घेतला.

"बांधतो काऊन? चोर तर सापडला ना!" म्हणत त्यांनीच पहिली कचोरी उचलली.